पाठीला विचारून घेतलेली खोळ

जरा धरा हो मला, घसरतेय. हां, असं. कोपरा खाली लोंबू देऊ नका, नाहीतर पोटातलं सगळं तिकडेच पळेल. मी दुलई बोलतेय, पिसांची. एका जागी राहणं मला जन्मात जमलेलं नाही. पलंगावर चारी बाजूंनी नीट पसरून ठेवा, तासाभरात माझं एक टोक जमिनीवर गेलेलं असतं. लोक झोपणाऱ्याला बोल लावतात. त्याचा दोष थोडा. खरी चुळबुळ माझ्या आतली.

पिसंच ती. बदकांच्या पोटाशी वाढलेली, पाण्यावर हिंडलेली. कापडात कोंडली म्हणून ती काय शहाण्यासारखी गप्प बसणार?

एका पत्र्याच्या लांबट शेडमध्ये मला भरलं. तिथे धुऊन वाळवलेली पिसं काचेच्या उंच खोलीत वाऱ्याने उडवत. जड पिसं खाली बसत, हलकी वर तरंगत. वरची तेवढी माझ्या वाट्याला आली. आधी माझं आतलं कापड शिवलं. इतक्या घट्ट विणीचं, की तोंड लावून फुंकलं तरी हवा मुश्किलीने जावी. त्याचे चौकोनी कप्पे केले आणि एकेका कप्प्यात नळीने पिसं सोडली. हे काम करणाऱ्या बाईच्या भुवयांवर, पापण्यांवर पांढरी लव बसलेली असे. तिशीतली बाई सत्तरीची दिसे. दर चार कप्प्यांमागे एक शिंक, असा तिचा हिशोब होता.

मला शिवून झाल्यावर तिने एका बोटावर तोलून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गं, अंगावर घेतली तरी कळायची नाही. हिच्यावर कुणी जाडजूड खोळ चढवू नये बाई, जीव जाईल हिचा."

झालं! तेवढं ऐकलं आणि मी हवेतच गेले. मी हलकी, मी नाजूक, माझ्यासारखी मीच. पुढे कित्येक दिवस दुकानाच्या फळीवर, पिशवीत कोंबलेल्या अवस्थेतसुद्धा, मी मनातल्या मनात तेच घोकत होते. बाजूच्या घोंगड्यांकडे तर मी बघायचीही नाही.

मग एक दिवस ती आली.

ती गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक तिच्या. त्यामुळे झालं काय, की गाडीत नसतानाही तिचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत असे. दुकानात उभी होती तेव्हाही दाबत होती. तिची शिकाऊ मंडळी तिला ताई म्हणत. मी तिला लेक म्हणते, कारण माझ्या लेखी ती तेवढीच होती, एका म्हाताऱ्याची लेक.

"एकदम हलकं पांघरूण हवंय," ती दुकानदाराला म्हणाली. "वडिलांना नागीण झाली होती. फोड गेले, पण दुखणं राहिलंय. पाठीपासून छातीपर्यंत पट्टा आहे नुसता. सदरासुद्धा सहन होत नाही. उघडे बसतात बिचारे, आणि ही अशी थंडी. डॉक्टर म्हणाले, हलकं काही तरी द्या."

दुकानदाराने मला पिशवीतून काढलं. मी एक लांब श्वास घेतला आणि फुलून आले. लेकीने मला तळहातावर घेतलं आणि तिच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली, ती पाहून मला वाटलं, चला, आपला जन्म ह्याच्यासाठीच होता.

गर्वाचं घर खाली, म्हणतात ना. माझं घर दुसऱ्याच दिवशी खाली आलं, थेट फरशीवर.

बाबांविषयी सांगायला हवं. ते एका कापडगिरणीत तपासनीस होते. अडतीस वर्षं. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि हे भिंग लावून त्यातला दोष हेरायचे. सुटलेला धागा, बसलेली गाठ, डाग, तिरकी वीण. दिसला दोष की लाल खडूची खूण, आणि कापडाचं अख्खं ठाण परत. एकदा परत म्हणजे परत. मालकाने येऊन सांगितलं तरी खूण पुसायची नाही. गिरणीत त्यांना सगळे 'भिंग' म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात.

माणूस कामावरून घरी येतो तेव्हा हत्यारं तिथेच ठेवून येतो, असं मला वाटायचं. बाबा भिंग खिशात घालून घरी आणत. भाजी चिरली, तुकडे लहानमोठे. भिंतीला रंग दिला, कोपरा राहिला. घरात कशाचंच ठाण पास होत नसे. बायको होती तोवर ती हसण्यावारी नेई. ती गेली, आणि लेकीला ते जमेना. तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. आठवड्यातून एकदा फोन. "बरे आहात?" "आहे." "औषध?" "घेतलं." संपलं बोलणं.

नागीण झाली तेव्हा ती आपली बॅग घेऊन परत आली. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी नको म्हणालं नव्हतं.

माझ्याबरोबर दुकानदाराने एक खोळ दिली होती, चकचकीत, कृत्रिम धाग्याची. दिसायला पाण्यासारखी. ती घालून मला बाबांच्या अंगावर पसरलं. अहो, ती खोळ कसली, घसरगुंडी! मी आत एकीकडे, ती बाहेर दुसरीकडे. त्यात थंड कोरड्या हवेत तिच्यातून चटचट ठिणग्या निघायच्या. बाबांनी दोन मिनिटं दात आवळले आणि मला पायांनी लोटलं.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"हे कापड नव्हे," बाबा म्हणाले. "हे कापडाचं सोंग."

लेक दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या कापडवाल्याकडे गेली. हा कापडवाला गप्पिष्ट. गिऱ्हाइकाला कापड दाखवण्याआधी आपलं मत दाखवायचा. त्याने तिला लव असलेलं फ्लॅनेल दिलं. "डोळे मिटून न्या ताई. तान्ह्या पोरांना गुंडाळतात यात."

खोळ शिवून आली. मला ती आवडली, खरं सांगते. उबदार, घसरत नव्हती, माझ्या पिसांना जरा धरून ठेवायची. लेकीने तिच्यावर स्वतःचा गाल घासून पाहिला आणि हसली. आणि बाबांच्या पाठीला ती लागली मात्र, ते असे ओरडले की शेजारचं दार उघडलं.

"लाख मुंग्या आहेत यात! काढ! काढ म्हणतो ना!"

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्यानंतर मलमल आली. पातळ, हवेशीर, वाऱ्यालाही कळू नये अशी. माझ्या एका कप्प्यातून एका पिसाचा टोकदार देठ कसा कोण जाणे बाहेर निघाला होता. माझं आतलं कापड घट्ट, पण लाखात एखादा हट्टी असतोच. जाड खोळीने त्याला अडवलं असतं. मलमलीने त्याला वाट करून दिली. तो नेमका दुखऱ्या पट्ट्यावर टोचला. मला इतकी शरम वाटली, की मी स्वतःच्या कप्प्यांत लपले.

पण देठ उपटून टाकल्यावरही मलमल सोसेना. "नको," बाबा म्हणाले. का नको, ते सांगेनात. ताकास तूर लागू देत नव्हते.

आता मला एक गोष्ट सांगायचीय, जी मला तेव्हाच सांगता आली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. पण दुलईला तोंड कुठे असतं?

लेक सकाळी शिकवायला बाहेर पडली की बाबा उठायचे. उघड्या अंगाने खोलीत येरझाऱ्या घालायचे, पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग. माझ्यासारखेच. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की बसावंसं. आणि मग ते लोखंडी कपाटाशी जायचे, त्याच्याकडे पाठ करायचे आणि पाय रोवून पाठ दाराला दाबायचे. हळू नव्हे, असं, जणू कपाट भिंतीतून पलीकडे ढकलायचंय. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटायच्या. डोळे मिटायचे. तोंडातून बारीक 'हां' निघायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. जिन्यात पाऊल वाजलं की चटकन पलंगावर येऊन बसायचे, पुन्हा तोच आंबट चेहरा.

मी रोज बघत होते. ज्याला हलकं म्हणून मला आणलं, तो माणूस जड लोखंडाकडे पाठ घेऊन जातो! हे मला कळत होतं आणि वळत नव्हतं. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. कारण हे खरं असेल, तर माझ्या हलकेपणाची किंमत काय?

पाचवा महिना लागला. एका रविवारी सकाळी लेक रेशमाची खोळ घेऊन आली. कापडवाल्याने ती खास मागवली होती. ही शेवटची, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं.

बाबांनी भिंग डोळ्याला लावलं. खोळीचा काठ दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात फिरवला. बराच वेळ. "धागा एकसारखा आहे," ते म्हणाले. "वीण सरळ. कुठे गाठ नाही."

लेकीचा ब्रेकवाला पाय थांबला. "म्हणजे पास?"

"पास."

तिने मला घाईघाईने त्या खोळीत घातलं आणि त्यांच्या पाठीवर अलगद, अगदी श्वास रोखून सोडलं. मीही होता होईल तेवढी हलकी झाले. बाबांनी श्वास घेतला, रेशीम सरकलं. सोडला, सरकलं. त्यांचे ओठ पांढरे पडले. तिसऱ्या श्वासाला त्यांनी मला हाताने उडवून लावलं.

"नको."

"आत्ता तर पास म्हणालात!"

"कापड पास आहे. मला नको."

लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला कापड नको की मी नको, ते एकदाच सांगून टाका."

"यात तुझा काय संबंध?"

"माझा काय संबंध? लहानपणी वही दाखवली की तुमचं बोट चुकलेल्या गणितावर. दहातली नऊ बरोबर असली तरी बोट दहाव्यावर! मी स्वतःची गाडी घेऊन दारात आले, तर तुम्ही दाराचा रंग नखाने खरवडून पाहिलात. पाच महिने मी कापडं आणतेय. एकदा तरी म्हणालात, पोरी, दमलीस का?"

"मी तुला वाईट कधी म्हणालो?"

"तुम्ही म्हणत नाही काही. तुम्ही फक्त परत पाठवता."

तिने किल्ली घेतली आणि गेली. खालून गाडीचा आवाज आला. ती एकदा बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. अर्ध्या गावाला क्लच शिकवणारी बाई ती! मग एकदाची आवाज करत निघून गेली.

मी फरशीवर पडले होते, रेशमात. बाबा पलंगाच्या काठावर बसून होते. त्यांनी भिंग डबीत ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग उठले आणि कपाटाकडे गेले.

पाठ दाबली. पण त्या दिवशी आठ्या सुटेनात. डोळे मिटले, तर पापण्यांखालून पाणी आलं. मी ह्या माणसाला पाच महिने ओळखत होते. दुखण्याने तो ओरडला होता, रडला नव्हता.

आणि दार उघडलं. लेक शिकाऊ मुलीचे कागद टेबलावर विसरून गेली होती. तिने पाहिलं आणि धावली.

"बाबा! चक्कर आली का? धरू?"

"नाही, नाही. चक्कर नाही."

"मग असे कपाटाला का चिकटलात?"

बाबांनी नजर फरशीकडे वळवली. जिन्यातलं पाऊल त्या दिवशी त्यांना ऐकू आलं नव्हतं, पकडले गेले होते. बोल ना, बोल, मी फरशीवरून तळमळत होते. बोला हो!

"बरं वाटतं," शेवटी ते म्हणाले.

"काय?"

"दाबलं की बरं वाटतं. हलकं काही लागलं की आग होते. जितकं हलकं, तितकी जास्त. तुझं ते रेशीम श्वासाबरोबर हलतं, आणि हललं की कुणी काडी ओढावी तसं होतं. दर श्वासाला एक काडी."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"डॉक्टर म्हणाले, हलकं द्या. तू जिवाचा आटापिटा करून हलकं आणत होतीस. मी म्हणू, जड आण? वेड लागलं म्हणाली असतीस. आणि जन्म गेला माझा कापडात. माझ्याच पाठीला कुठलं कापड हवं ते मला कळेना. हे कुठल्या तोंडाने सांगायचं पोरी?"

लेकीने स्वतःचे हात एकमेकांवर चोळून गरम केले. "हात लावू?"

बाबांचं सगळं अंग आखडलं. तरी त्यांनी कपाटापासून पाठ सोडवली आणि वळले. "हळू नको लावू," ते म्हणाले. "लावायचाच तर नीट लाव."

तिने आख्खा तळहात पट्ट्यावर टेकवला आणि दाबला.

"असा?"

"अजून."

"असा?"

"हां." बाबांचे खांदे खाली आले. "हां. तसाच राहू दे. हलवू नकोस."

तिने हलवला नाही. मी मोजत नव्हते, पण उन्हाचा पट्टा खिडकीच्या चौकटीवरून माझ्या कोपऱ्यापर्यंत आला तोवर ती तशीच उभी होती, दोन्ही पायांवर. कागदांची वाट बघणाऱ्या मुलीचे तीन फोन येऊन गेले.

दुपारी तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं असतं पुष्कळांचं. नस रागावलेली असते; तिला कुणी चाटून गेलेलं चालत नाही, घट्ट धरलेलं चालतं. पण सगळ्यांचं सारखं नसतं, ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. "मी विचारायला हवं होतं," असंही म्हणाले. अंगाला बसणारा घट्ट बनियन घालून बघा म्हणाले. बाबांनी घातला, तोंड वाकडं केलं, आणि ठेवला. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या अंगावर कपडा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कापडवाल्याकडे गेलो. मी माप म्हणून. कापडवाल्याने बाबांना पाहिलं आणि तो सावरून बसला. त्याच्या दुकानातलं कापड एके काळी ह्याच डोळ्यांखालून आलं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

"या, या! तुमच्यासमोर मी काय कापड दाखवणार? सूर्याला काजवा?"

"जाड दाखवा," बाबा म्हणाले. "जाड, गुळगुळीत, आणि अंगावर पडलं की पडून राहील असं."

ठाणामागून ठाण उलगडलं. बाबांची बोटं सवयीने कापडावर जात आणि 'हे बरं आहे' म्हणत. मग लेक त्यांना आतल्या खोलीत नेई, बनियन वर करी, कापडाची दुहेरी घडी पाठीवर धरी. आणि पाठ म्हणे, नको. बोटं एक सांगत होती, पाठ दुसरं. नवं कापड खळीने कडक असायचं. कुठलं फारच खरखरीत, कुठलं उभंच राही, अंगावर बसतच नसे. कापडवाल्याची विनोदबुद्धी आटत चालली. त्याच्या काउंटरवर ठाणांचा डोंगर झाला.

"बाबा, घरी जाऊ," लेक म्हणाली. तिचा पाय पुन्हा सुरू झाला होता.

बाबा काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते, दमून. मग त्यांनी खाली पाहिलं. डोंगराखालून काउंटरवर अंथरलेली चादर दिसत होती. पांढरी असावी कधी काळी. ते तिच्यावरून तळहात फिरवायला लागले.

"हे काय आहे?"

"ते? ते विकायचं नाही हो. अंथरायचं आहे. कात्रीने लाकडावर ओरखडे पडतात म्हणून."

"किती वर्षं?"

"अकरा-बारा असतील. सुती आहे, जाड धाग्याचं. दर आठवड्याला धुवायला जातं."

"काढा."

"अहो, जुनेर ते…"

"काढा म्हणतो ना."

ठाणं उतरवली. बाबांनी ती चादर उजेडाला धरली. भिंग लावायची गरजच नव्हती. दोष दुरून दिसत होते. एका जागी जाड गाठ, एका जागी दोन धागे सुटलेले, काठाशी वीण तिरकी. "हे माझ्या टेबलावर आलं असतं, तर खडू झिजला असता," ते म्हणाले आणि आत गेले. ह्या वेळी लेकीची वाट न बघता, स्वतःच.

आतून काही आवाज येईना. कापडवाला आणि लेक एकमेकांकडे बघत राहिले. मी पिशवीत इकडून तिकडे होत होते.

"बये," आतून हाक आली, "ही माझ्या पाठीवर आहे ना गं?"

लेक पडद्यातून आत डोकावली. चादर दुहेरी करून त्यांनी पाठीवर घेतली होती, शालीसारखी ओढून.

"आहे, बाबा."

"तेच म्हटलं. कळत नाहीये."

कापडवाल्याने ती तशीच दिली. वर म्हणाला, तुमच्या हातून एवढं एक तरी ठाण पास झालं, हे मी गिऱ्हाइकांना सांगेन. आणि सांगतोही, अजून.

खोळ बाबांनी स्वतः शिवली, हातांनी. चारी कोपऱ्यांना आतून बंद लावले, म्हणजे मला पळता येऊ नये. मला आत भरताना लेक स्वतःच खोळीत शिरली, बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते आणि आतून "कुठला कोपरा? बाबा, हा कुठला कोपरा?" असा आवाज येत होता. बाबा हसले. त्यांचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गंजलेल्या बिजागरीसारखं होतं.

आणि मी? तुम्हाला वाटेल मी आनंदले. छे! मी रुसले. ते वजन माझ्या अंगावर पडलं आणि माझा सगळा फुगारा बसला. शेडमधल्या बाईचे शब्द आठवले, जीव जाईल हिचा. चार दिवस मी कोपऱ्यांत गोळा होऊन बसले. लेक मला झटकून पुन्हा सारखी करायची.

पाचव्या दिवशी दुपारी बाबा माझ्याखाली कुशीवर निजले. खोळ त्यांच्या पाठीवर घट्ट बसली होती, श्वासाबरोबर हलत नव्हती. मी तिच्या आत, तिच्या वजनाखाली, ऊब धरून होते. ते वजन एकटं असतं तर नुसतं ओझं झालं असतं. मी एकटी असते तर आग. त्यांचा श्वास लांबला. मग घोरायला लागले! दिवसाउजेडी, तोंड उघडं टाकून. लेक दाराशी खुर्ची घेऊन बसली होती. ती दोन तास बसली. तिचे तीन शिकाऊ गाडीशी ताटकळून घरी गेले.

जाग आल्यावर बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "दमलीस का गं?"

"हो," ती म्हणाली. "फार."

एवढंच. पुढे त्यांच्यात सगळं गोडगोड झालं, असं मी सांगणार नाही. ती आपल्या खोलीवर परत गेली. त्यांची कुरकुर आणि तिचा पाय, दोन्ही चालूच राहिले. पण रविवारच्या फोनवर ती विचारायची, "आज कसं दुखतंय?" आणि ते सांगायचे. चांगली दहा-पंधरा मिनिटं सांगायचे. मग म्हणायचे, "आता तुझं सांग."

वर्ष-दीड वर्षात पट्टा विझत आला. सदरा चालायला लागला. मला वाटलं, आता कपाटाच्या वरच्या फळीवर आपली रवानगी. पण एकदा डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "माझ्याकडे एक शिंपी येतात, त्यांचं तुमच्यासारखंच आहे. जरा बोलाल का त्यांच्याशी?" बाबा मला खांद्यावर टाकून गेले. त्या शिंप्याला माझी खोळ मुळीच चालली नाही. त्याला ओलसर गार पातळ सुती कापड चालायचं. बाबांनी तीन खेपा घालून ते शोधलं. तिथून मी जी फिरतेय, ती फिरतेच आहे. एक कुंभार, एक शाळेतली शिपाईबाई, एक सेवानिवृत्त नर्स. कुणाला मी चालते, कुणाला नाही. काहींना मीच नको असते, नुसती खोळ हवी असते. पूर्वी असा नकार आला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता मी पिशवीत घडी घालून बसते. चुळबुळते, पण बसते.

धुऊन धुऊन माझे दोन कप्पे पातळ झालेत. शिवणीतून एखादं पीस निसटतं आणि खिडकीबाहेर जातं. मी त्याला हाक मारत नाही.

आत्ता आम्ही चौथ्या मजल्यावर आलोय. बाबांना धाप लागलीय. लेक मागून मला टेकू देत होती, तरी जिन्यात मी घसरत होते, म्हणून सुरुवातीला तुम्हाला म्हटलं, धरा जरा. दाराआड टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेली एक बाई आहे. एकटी राहते. तीन आठवडे तिने कुणाला जवळ येऊ दिलेलं नाही.

"मला काही नकोय," ती आतून म्हणतेय. "कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावत," बाबा म्हणतायत. "कापडही दाखवत नाही. मी नुसता खुर्चीवर बसतो. तुमचं कसं दुखतं, तेवढं सांगा. सावकाश सांगा, मला घाई नाही."

घाई मला आहे. पिसं आतून धडका देतायत. तुम्हाला एक विनंती करते आणि तोंड मिटते. कुणासाठी पांघरूण घ्यायला गेलात, तर आपल्या गालाला लावून पसंत करू नका. ज्याच्या अंगावर पडायचंय त्याला बोलावा, आणि तो उलटंसुलटं काही बोलला तरी ऐकून घ्या.

कडी काढल्याचा आवाज आला. दार थोडं उघडलंय, बोटभर.

येते मी.